रकाने

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला
मी पट्टीनं रकाने पाडलेत.
उतरत्या ओळीत मोरणी, कपिली, बांडी, शिंगरी,
आणि बांडीची कालवड, जिला अजून नाव नाही,
कानात पिवळा बिल्ला तेवढा, बारा आकडी.
माथ्यावर घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, लम्पी, जंत.
अगदी कडेला: आजार.
तो कोरा राहावा म्हणून बाकीचे.

आज सकाळी मुजावर मॅडम आल्या.
स्कूटीच्या पुढ्यात बर्फाचा डबा,
भोगावतीवरचं धुकं अजून पत्र्यावरून ठिबकत होतं.
"किती गं?"
"पाच."
"मागच्या खेपेला चार होती की."
"वाढलो."

मामंजी कट्ट्यावर, मिश्रीचं बोट तोंडात तसंच.
"टोचलं की दोन दिवस दूध उतरतंय.
डेअरीला कमी गेलं तर तुझं कॅलेंडर भरून देणार हाय काय?"
मी मोरणीचं मुंडकं काखेत धरलं.
मानेची कातडी एकदा थरथरली,
माशी बसल्यावर थरथरते तेवढीच.
मग तिनं पुन्हा वाड्यात तोंड घातलं.

दूध उतरेल, हे मला माहीत आहे.
दोन दिवसांचा तोटा मी आधीच मांडून ठेवलाय,
चार लिटर, पेन्सिलीनं.

आमच्या गल्लीत गोष्टी असतात त्या आजाराच्या.
कुणाची म्हैस मध्यरात्री कशी फुगली,
कोण पावसात राशिवड्याला धावलं,
गाडीला किक कशी बसेना,
डॉक्टर आले तेव्हा डोळे कसे पांढरे झालेले.
सांगणाऱ्याचा चहा गार होतो.
पण गेल्या वर्षी आमच्या कपिलीच्या तोंडाला फोड आले नाहीत,
हे मी कुणाला सांगू?
"बरं मग?" म्हणतील.

मंगळवारी जंताचं औषध, वजनाच्या अंदाजानं नव्हे,
छातीभोवती टेप धरून.
नुसत्या वाड्यावर भागत नाही,
पेंडीत मूठभर खनिज मिश्रण.
गोचिडाचं औषध बुटलीच्या झाकणानं मोजायचं, हाताच्या अंदाजानं नाही,
आणि गव्हाणीच्या भेगा बुजवायच्या आधी.
धार काढल्यावर सड बुडवायचे,
मग तासभर तिला बसू द्यायचं नाही,
म्हणून पुढ्यात गवत टाकायचं.
हे सगळं इतकं बारीक आहे
की कुणी विचारलं, दिवसभर काय केलंस,
तर मला सांगता येत नाही.

संध्याकाळी पांढरं पॅडल, चार घरं,
प्रत्येक सडाच्या दोन-दोन धारा,
तेवढंच निळसर औषध, आणि हलकेच गोल फिरवायचं.
तीन घरांत पाणी पाण्यासारखं हललं.
शिंगरीच्या मागच्या डाव्या सडाचं मात्र
थंडीत खोबरेल धरावं तसं धरत गेलं.
कास गरम नव्हती. दूध पांढरंशुभ्र.
तिला स्वतःलाही काही ठाऊक नव्हतं,
निवांत रवंथ करत माझ्याकडं बघत होती.

फोन केला. मॅडम म्हणाल्या, "लवकर सापडलं.
त्या सडाचं दूध वेगळं काढ, शेवटी काढ,
डेअरीला घालू नको. सकाळी येते."
कडेच्या रकान्यात पहिली नोंद.
हात जरा अडखळला.

मागं मामंजी उभे होते, कधी आले कळलं नाही.
बादलीत त्यांनी आपले हात धुतले, दोनदा,
लाल पाण्यात, कोपरापर्यंत.
मग कॅलेंडरवर कालवडीच्या ओळीत बोट टेकलं,
"हितं काय न्हाई लिवलंस?"
वाचता येत नाही त्यांना.
"ती लस आयुष्यात एकदाच असती मामंजी.
पुढच्या महिन्यात. आठ महिन्यांची व्हायच्या आत."
"आन् ह्या आधीच्या घरात?"

तिथं नावाची जागा होती.

बराच वेळ ते कालवडीकडं बघत राहिले.
"घाईनं घालू नगं," म्हणाले,
आणि तिच्या कानामागं, बिल्ल्याशेजारी,
गोचीड आहे का ते चाचपू लागले.